बाबांच्या वाट्याचं पाणी

माझा अभ्यास पाण्याचा आहे असं सांगितलं की रत्नागिरीतली माणसं मला विचारतात, नळाला पाणी कधी येणार? मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बांगडा माशातली प्रथिनं पाण्यात विरघळवते आणि पाणी त्यांच्याशी कसं वागतं ते बघते. प्रथिनाच्या रेणूचे काही भाग पाण्याला धरून असतात, काही पाणी टाळून आत दडतात. त्यातूनच त्याला आकार येतो.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या घरासारखाच गो. कोण पडवीत बसणार, कोण माजघरात दडणार." सारा जन्म जहाजावरच्या नोकरीत गेलेला माणूस, पण गप्पांना पडवीच लागायची.

मग त्यांचं हृदय थकलं, पाय सुजले. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला एक बाटली, बस. ती सकाळी भरून त्यांच्या उशाशी ठेवायचं काम माझं. पाण्यात संशोधन करणारी मुलगी बापाला पाणी नको म्हणत होती. मला रडू यायचं आणि मी ते चिडून लपवायचे.

त्यात आमच्याकडे आल्यागेल्याला आधी गूळ-पाणी. भेटायला येणारे बाबांसमोरच तांब्या रिकामा करायचे. एकदा शेजारच्या काकी आल्या तेव्हा मी पाणी आणलंच नाही. त्या गेल्यावर बाबा कडाडले, "घरात आलेल्या माणसाला पाणी नाय? तहानेनं नाय, लाजेनं मरेन मी!" दुसऱ्या दिवसापासून तांब्या पुन्हा पडवीत येऊ लागला.

मे महिन्यात एकदा माझा महत्त्वाचा प्रयोग फसला. प्रथिनं विरघळायची सोडून तळाशी साका धरून बसली. उन्हातून तणतणत घरी आले. आई देवळात गेली होती. बाबांची बाटली रिकामी दिसली आणि माझा पारा चढला.

"संपवलंत ना सगळं? आता रात्रीपर्यंत काय करणार?"

त्यांनी उशामागून पेला काढला. अर्धा भरलेला, वर बशी, बशीत गुळाचा खडा.

"संपवलं नाय. तुझ्यासाठी काढून ठेवलंय. तू पण बाहेरनंच येतेस ना? तुला पाणी कोण विचारतं?"

आत माठ भरलेला होता. ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी गूळ तोंडात टाकला आणि पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. बाबा बघत राहिले आणि मग त्यांनीच "हां" म्हणून समाधानाने ओठ पुसले.