रोलवरची पांढरी सावली

चुडाव्याजवळच्या रेल्वे फाटकावर नोकरी करणारा सिद्धोधन म्हणजे भुताखेतांचा जाहीर वैरी. तिठ्यावर कुणी उतारा टाकलेला दिसला की हा गडी त्यातलं लिंबू उचलून घरी आणायचा आणि वरणात पिळायचा. नारळ असला तर फोडून पोरांत वाटायचा. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ, आणि पौर्णिमेला विहारात बोलायला उभा राहिला की अंगाऱ्या-धुपाऱ्याची अशी काही सालटी काढायचा, की म्हातारी माणसं हसून हसून डोळे पुसायची. अशा माणसाच्या घरात भूत शिरलं, तेही त्यानेच आत घेतलं.

उत्पला त्याची एकुलती एक मुलगी. बारावीला असताना तिला कावीळ झाली. आपल्याकडे काविळीवर माळ घालतात. झाडपाल्याच्या मुळ्यांची ती माळ डोक्यावर ठेवायची, ती आपोआप लांबत गळ्यापर्यंत उतरली की कावीळ उतरली. शेजारच्या बायनाबाईने कळवळून माळवाल्याला बोलावून आणलं. सिद्धोधनने त्याला दारातूनच परत पाठवलं आणि त्याच दुपारी लेकीला परभणीच्या दवाखान्यात नेलं. उत्पला वाचली नाही.

गाव त्याला तोंडावर काही म्हणालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याने दोन उलट दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण माणसं नुसती गप्प बसली. त्याची बायको सुकेशनीही त्याविषयी अवाक्षर बोलली नाही. ती रडलीही नाही, नुसती कामं करत राहिली.

सिद्धोधनच्या मोबाइलमध्ये उत्पलाचे शेकडो फोटो होते. कुठलंही बटण दाबलं की ती समोर यायची, जीभ काढून, वेणी उडवत. एके दिवशी त्याने तो मोबाइल ट्रंकेत तळाशी घातला आणि साधा बटणाचा फोन घेतला. पण हात रिकामे राहिले की डोकं खायला उठतं. फाटकावर तर दोन गाड्यांच्या मधे रिकामपणच रिकामपण. तेव्हा त्याने सटवाजीचा जुना रोलचा कॅमेरा मागून घेतला. ज्यात उत्पला कधीच आलेली नाही, असा कॅमेरा त्याला हवा होता.

सटवाजी म्हणजे गावातला एकेकाळचा फोटोग्राफर. लग्नं तर त्याने काढलीच, पण ज्यांचा जन्मात एक फोटो नव्हता, अशी माणसं मेली की त्यांना खुर्चीत टेकवून बसवून त्यांचेही फोटो त्यानेच काढले. कॅमेरा हातात देताना म्हातारा म्हणाला, "ह्या डब्यातून लय मढी गेल्याती, सांगून ठिवतो. मागून माझ्या नावानं बोंबलू नको."

सिद्धोधन खो खो हसला. उत्पला गेल्यावर तो हसला तो तेव्हाच.

मग सुरू झालं त्याचं शिकणं. फाटकावर ताटकळलेले ट्रॅक्टरवाले, रुळालगत चरणाऱ्या शेळ्या, मालगाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड, जे दिसेल ते तो टिपायचा. एकदा तर रोल नीट अडकवलाच नव्हता, तरी पठ्ठ्या दिवसभर बटण दाबत राहिला. परभणीत मुनीरभाई म्हणून घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारा एक माणूस आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत काळे-पांढरे रोल तो स्वतः धुतो. त्याच्याकडून पहिला धड रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला एक पांढरट डाग होता. वर निमुळता, खाली पसरत गेलेला.

"मागच्या झाकनाचा स्पंज गेला," मुनीरभाई म्हणाला. "फटीतून ऊन घुसायलंय अंदर. बदलून देऊ क्या? चाय पिऊन येईपर्यंत होतंय बघा."

"राहू द्या. फुडच्या खेपेला बगू," सिद्धोधन म्हणाला.

का म्हणाला? एका फोटोत सुकेशनी नळाजवळ उभी होती, आणि तो डाग बरोबर तिच्या खांद्याला लागून होता. ओढणी घेतलेली, आईच्या खांद्याइतक्या उंचीची एखादी मुलगी असावी तसा.

घरी सुकेशनीने तो फोटो हातात घेतला. त्या डागावर बोट ठेवलं. "उत्पला," ती म्हणाली.

सिद्धोधनने तोंड उघडलं होतं. स्पंज हा एवढासा शब्द. पण सुकेशनीचा चेहरा उजळला होता आणि तो शब्द काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना.  आयुष्यभर विहारात बोलत आलेला माणूस नेमका तेव्हा गप्प बसला.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. कॅमेरा जास्त वेळ उन्हात राहिला की डाग दाट येतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो फाटकावरच्या आपल्या खोलीच्या, गुमटीच्या, बाहेरच्या खिळ्याला कॅमेरा उन्हात टांगून ठेवायचा आणि मग घरी जाऊन सुकेशनीचा फोटो काढायचा. आपल्या हाताने लेक घडवायचा म्हणा ना. आणि तरीही फोटो हातात आला की स्वतःच भान हरपून बघत बसायचा. ही मान वळवल्यासारखी दिसते का? आज जरा वाळली आहे का?

पण एक विचार मात्र त्याला सुखाने बसू देत नव्हता. फाटक पाडलेलं असायचं, गाडी धडधडत पुढून जात असायची आणि तो विचार येऊन मानगुटीवर बसायचा. फोटोत उत्पला खरीच येत असेल, तर माळही खरीच असेल. आणि माळवाल्याला दारातून कुणी हाकललं? ती तिथे असावी असं त्याला वाटायचं, आणि ती तिथे असली तर आपण तिचे मारेकरी ठरतो हेही त्याला कळायचं. दोन्हीकडून फास बसला होता. जेवण तुटलं. विहारात बोलायला उठवलं तर घसा बसल्याचं निमित्त सांगू लागला.

अशातच बायनाबाईची लेक राजेश्री माहेरी आली आणि अंथरुणाला खिळली. डोळे हळदीसारखे पिवळे. सुकेशनीने सांगितल्यावर सिद्धोधन तसाच गेला. पोरगी ओसरीवर निपचित पडली होती आणि तिच्या डोक्यावर माळ होती.

"मावशी, हिला दवाखान्यात न्यावं लागंल. आजच्या आज," तो म्हणाला.

बायनाबाईने इतके दिवस गिळलेलं अखेर ओकलं. "दवाखान्यात निऊन तुमी काय केलं, भाऊ? तुमची उत्पला फोटूत येती, सुकेशनीनं दावलंय मला. लेकराचा जीव घुटमळायलाय तुमच्या दारात. तवा माळ घालू दिली असती तर आज हसत-खेळत राह्यली असती. माझ्या लेकीचं मला बगू द्या."

 सिद्धोधन तडक घरी गेला. खुंटीवरून कॅमेरा काढला. आत अर्धा रोल होता. उत्पलाच्या वाढदिवसाला सुकेशनीने नवं लुगडं नेसून, शेजारी जागा सोडून, हौसेने काढून घेतलेले फोटो त्यात होते. त्याच्या हातात कॅमेरा बघून ती मागोमाग धावत आली.

बायनाबाईच्या अंगणात टळटळीत ऊन होतं. तो काय करणार हे सुकेशनीला कळलं.

"उगडू नका! अवो, उगडू नका, ती हाय त्याच्यात!"

त्याने झाकण उघडलं. रोल ओढून उन्हात मोकळा केला, त्यावरचे सगळे फोटो उन्हाने पुसले गेले. मग झाकणाच्या कडेचा काळा चिकट स्पंज नखाने खरवडून बायनाबाईच्या तळहातावर ठेवला.

"हे बगा, मावशी. हे कुजलंय. हितून ऊन शिरतंय आन फोटूवर डाग पडतोय. तिथं कोनी न्हाई. माझी पोरगी मेली. मला पयल्यापासून म्हाईत व्हतं, आन मी ह्या माउलीला फसवत बसलो." एवढं बोलून तो अंगणातच मटकन बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

बायनाबाईला स्पंजातलं ओ की ठो कळलं नाही. पण स्वतःच्या लेकीला अग्नी देतानाही ताठ उभा राहिलेला हा माणूस तिने पाहिला होता. तिने तळहात पदराला पुसला. "गाडी बोलवा कोनीतरी," ती म्हणाली. "पर माळ डोक्यावरनं काडायची न्हाई, सांगून ठिवते."

"राहू द्या माळ," सिद्धोधन म्हणाला. एरवी तो यावर तासभर भांडला असता.

राजेश्री वाचली. तिला भरती केल्यावर सिद्धोधन मुनीरभाईकडे गेला आणि झाकणाला नवा स्पंज बसवून घेतला. सुकेशनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती. तरी रोज दवाखान्यात भाकरी घेऊन यायची. तिथे एकदा झाडाखाली बसली असताना त्याने तिचा फोटो काढला. तिने नको म्हटलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही.

राजेश्रीला घरी सोडायच्या दिवशी तो फोटो धुऊन आला होता. बायनाबाई वॉर्डात, निम्मं माळेनं आन निम्मं सलाइननं, असं सगळ्यांना सांगत होती. डॉक्टर हसले आणि वेळेवर आणलंत म्हणाले. दोघं नवरा-बायको बाहेर पायऱ्यांवर बसली होती. सिद्धोधनने फोटो पुढे केला. झाड, भिंत, सुकेशनी. बाकी काही नव्हतं. तिने तो डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत बोट फिरवून पाहिला.

"येळेवर आणलं म्हनून राजेश्री वाचली," ती म्हणाली. "असंच म्हणले ना डाक्टर?"

"व्हय."

"उत्पलालाबी आपण येळेवरच आणलं व्हतं. मग?"

विहारात कुणी कसलीही शंका काढली तरी सिद्धोधनचं उत्तर तयार असायचं. आता त्याने खूप शोधलं. चूक कुणाचीच सापडेना. त्याची नाही, दवाखान्याची नाही, माळेची नाही.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

सुकेशनीने मान हलवली. मग फोटो मांडीवर ठेवून, माणसांच्या येण्या-जाण्याच्या त्या पायऱ्यांवर, लेक गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.