चाकाखालची पाचर

त्यांचं नाव आम्ही कुणी विचारलंच नाही, चाचा म्हणायचो. परतूरजवळ एका शेडमध्ये रेल्वेचा मीटरगेजचा जुना डबा उभा आहे. दर रविवारी आम्ही सात-आठ हौशी मंडळी त्याचा गंज घासायला जातो. चाचा आमच्या आधी येऊन बसलेले असायचे. बसलेले म्हणजे उभेच. खिडकीची झडप वर कर, खाली कर, दाराची कडी चाचप, पुन्हा खाली उतर. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला की हातातलं काम थांबायचं, आणि मग उगाच आमच्यावर खेकसणं.

निघण्याआधी मात्र ते आठही चाकांना तेल द्यायचे. डबा जेमतेम त्याच्या लांबीएवढ्या रुळांवर उभा, पुढे भिंत. एकदा न राहवून मी म्हणालो, "चाचा, तेल कशाला वाया घालवता? हा आता कुठं चालणार आहे?"

चिंधीला हात पुसत ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मालूम हाय मला. पर त्याच्यासमोर कशाला बोलून राह्यले तुम्ही?"

मग वाकून त्यांनी चाकाखालची लाकडी पाचर हातोडीनं ठोकून घट्ट केली. डबा निघून जाऊ नये म्हणून.

गेले दोन रविवार ते आले नाहीत. नावच माहीत नाही, तर चौकशी कुठं करणार? आज चाकांना तेल मीच दिलं. बाहेर येऊन गाडीला किक मारली, पुन्हा बंद केली आणि पाचर घट्ट आहे का ते बघायला परत आत गेलो.