गोड लागणारी भिंत

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. कराडच्या जुन्या घराचा विषय निघाला की मी पान लावायला घ्यायचो. आता लिहून टाकतो.

लढाईचे दिवस होते. थोरला भाऊ पलटणीबरोबर लांब कुठेतरी होता. वहिनी दोन लहान पोरांना घेऊन आतल्या खोलीत राहायची. त्या खोलीच्या मातीच्या भिंतीपलीकडे माझी गुळाची वखार.

पावसाळ्यात वहिनीच्या भिंतीला बुरशी आली. आधी काळे ठिपके, मग राखाडी-हिरवी लव, मेलेल्या उंदराच्या अंगावर असावी तशी. बोट लावलं की बुळबुळीत. वास असा, की दारातच पाऊल अडायचं. मी धोतराचा सोगा नाकाला लावून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचो, "आवं वैनी, हितं माणसं ऱ्हात्यात का म्हसरं?" तिच्या हातचं जेवणही सोडलं. किळस येते म्हणून खाणावळीत जाऊ लागलो.

ती कामाला लागायची. पोरांना शेजारणीकडे बसवायची, नाकातोंडाला पदर बांधायची आणि भिंत आधी पाण्यानं भिजवायची. "कोरडं झाडलं की त्यो बुरा उडतोय, पोरांच्या छातीत जातोय," म्हणायची. मग उलथन्यानं खरवडायचं, ती घाण परसात जाळायची, चुना फासायचा, शेगडी ठेवून भिंत सुकवायची. चुना पुरता वाळेपर्यंत पोरांना उंबरा ओलांडू द्यायची नाही. तरी थोड्या दिवसांत लव पुन्हा वर यायची. धाकटा खोकून खोकून निळा पडायचा.

एका दुपारी थोरल्या पोरीनं धाकट्याला भिंत चाटताना धरलं. मग स्वतःही बोट लावून चाखलं. "आये, भिंत ग्वाड लागतीया!"

वहिनीनं दोघांची तोंडं खसाखसा पुसली आणि माझ्याकडे वळली. "भावजी, भिंत ग्वाड कशी वं?"

"पोरांचं गुळाचं हात लागलं असतील."

"त्यास्नी गूळ तुमी कवा दिला?"

मी वखारीत गेलो. जास्त माल मावावा म्हणून ढेपा भिंतीला भिडवून रचल्या होत्या. एक ओढली. तिच्या पाठीला केसाळ बुरशी, खाली काळा चिकट पाझर, त्यात माशा रुतलेल्या आणि अळ्या वळवळत होत्या. तो सगळा पाझर मातीनं पिऊन पलीकडे नेला होता. तिथंच ओकलो. तोंड धुतलं आणि ढेप होती तिथं परत सारली. गल्लीभर तिला घाणेरडी म्हणून झालं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढे पोराचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. वहिनी पोरांना घेऊन माहेरी, कवठे महांकाळला निघून गेली. जाताना खोली सारवून गेली. तिकडच्या कोरड्या हवेत खोकला हळूहळू थांबला. छाती मात्र कायमची नाजूक राहिली.

मी एकदा तिकडे गेलो. वाटेत वाक्य जुळवलं होतं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"या भावजी. धंदा बरा हाय न्हवं?"

त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. "बरा हाय," म्हणालो. एक शेंग उचलून फोडली आणि म्हणालो, "हिकडं पाऊस लय कमी."

"व्हय," ती म्हणाली.

तिला वारूनही आता बरीच वर्षं झाली. वाक्य एवढंच होतं: वैनी, घाण तुमची नव्हती, माझी होती.