रिकाम्या खुर्चीला विचारलेले प्रश्न

मन्नूभैया गेल्याचं मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी चेच भाजी निवडत बसले होते. फोन वाजायला लागला तो थांबेचना. कुणी लिहिलं, छत्तीसगढी सिनेमाचा आवाज हरपला. कुणी लिहिलं, रायपूरचा सर्वांत निर्भीड मुलाखतकार गेला. निर्भीड! भाजी बाजूला ठेवून मी तो शब्द पुन्हा वाचला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. पुढे पेपरच्या रविवार पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, "तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता, काहीतरी लिहा." मी आधीच सांगून टाकलं की लिहीन, पण गोड लिहिणार नाही. ते म्हणाले, लिहा. तर घ्या.

मनोहर लांजेवार हे त्याचं कागदोपत्री नाव. माझे यजमान आणि तो रेल्वेत एकाच ऑफिसात होते, त्यामुळे आमच्या घरी त्याचं येणंजाणं होतं. सिनेमाचं वेड मात्र जबर. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावरची खोली त्यानं भाड्यानं घेतली, दोन वेताच्या खुर्च्या टाकल्या आणि इथल्या केबलवर 'दो कुर्सी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. आमच्या छत्तीसगढी सिनेमातला जो कोणी थोडाफार नावाजला, तो त्या खुर्चीत बसून आला. दिग्दर्शकांना तो विचारायचा, तुमच्या सिनेमातली आई नेहमी दारातच का उभी असते? तिला आत बसायला जागा का नाही? प्रश्न चांगले असायचे, हे मी कबूल करते. सिनेमात खोट्या आया आणि खाष्ट सासवा करण्यात माझीही काही वर्षं गेली, पण मला असं कधी सुचलं नाही. एवढं त्याचं कौतुक पुरे.

आता त्याची पद्धत सांगते. कॅमेरा एकच. पाहुणा बोलायचा तेव्हा कॅमेरा पाहुण्यावर लावलेला असायचा. पाहुणा जिना उतरला की कॅमेरा फिरवायचा, आणि मग मन्नूभैया समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून आपले प्रश्न नव्यानं विचारायचा, मधूनमधून गंभीरपणे मान डोलवायचा. दोन्ही जोडलं की बघणाऱ्याला वाटायचं, काय समोरासमोर रंगली आहे मुलाखत! यात पाप काही नाही, एकाच कॅमेऱ्यावर काम भागवणारे बरेच जण असं करतात. पाप पुढे होतं. पाहुणा समोर असला की हा नुसता साखर पेरायचा आणि खुर्ची रिकामी झाली की याच्या जिभेला धार चढायची. आमच्या एका हिरोला त्यानं विचारलं होतं, घरी जेवायला काय आवडतं? बिचारा म्हणाला, "अपन तो जो सामने आ जाए, खा लेते हैं." कार्यक्रमात प्रश्न आला, तुम्ही भूमिका कशा निवडता? उत्तर तेच. सगळं रायपूर खदखदा हसलं, आणि मन्नूभैया निर्भीड ठरला.

माझी पाळी आली तेव्हा माझ्या यजमानांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना खांदा द्यायला मन्नूभैया होता, हे मुद्दाम सांगते. मुलाखतीत त्यानं मला विचारलं, "रडायच्या सीनमध्ये डोळ्यात पाणी कसं आणता?" दुपारची वेळ, समोर चहा, ओळखीचा माणूस... मी हसत म्हटलं, "कुठलं पाणी हो! ग्लिसरीन लावते. मला काही रडूबिडू येत नाही. सीन संपला की बसून भजी खाते." त्यालाही हसू आलं. मी जिना उतरले. त्यानंतर त्या खोलीत त्यानं कॅमेरा फिरवला आणि माझ्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "यजमान गेले आणि महिन्याभरात तुम्ही सेटवर उभ्या राहिलात. त्या दुःखातून कशा सावरलात?"

पुढचं तुम्हीच जोडून बघा. मी हसते आहे, ग्लिसरीन म्हणते आहे, भजी म्हणते आहे... आणि हा मान डोलवतो आहे.

लोक काय बोलले ते सोडा. लोकांच्या तोंडाला हात लावायला मी कधी गेले नाही. पण माझी मुलगी पल्लवी त्याच वर्षी शिकायला भिलाईला हॉस्टेलवर गेली होती. तिनं ते मैत्रिणींबरोबर बघितलं. रात्री फोन करून एवढंच म्हणाली, "आई, बाबा के लिए भी ग्लिसरीन लगाई थी क्या?" मी जीव तोडून सांगितलं की प्रश्न वेगळा होता. म्हटलं, नीट बघ, माझ्या तोंडावर दुपारचं ऊन आहे, त्याच्या मागे सराफाच्या पाटीचे दिवे लागलेत. ती म्हणाली, "लेकिन बोल तो तू ही रही है ना."  तेव्हापासून ती यायची, जेवायची, माझी औषधं आणून द्यायची. बाबांचा विषय मात्र तिनं माझ्यासमोर कधी काढला नाही.

मी मन्नूभैयाला गाठलंच. भर बाजारात, स्कूटरच्या गर्दीत उभं करून म्हटलं, माझ्या पोरीला एक फोन लाव आणि खरं सांग. तो म्हणे, "काहून एवढी तापून राहिली वहिनी? एडिटिंग आहे ते. टीव्हीवर थोडं करा लागते. पोट्टी आहे, समजून जाईन." मी म्हटलं, तुला हेच विचारायचं होतं तर मी समोर बसले होते तेव्हा का नाही विचारलंस? त्यावर तो इकडेतिकडे बघायला लागला. म्हणे, "तुमच्या तोंडावर कसं विचारणार होतो मी?" हा आमचा निर्भीड माणूस! पुढे ते सगळं त्यानं यूट्यूबवरही चढवलं. फोन केला नाही तो नाहीच.

शेवटची भेट पुरानी बस्तीतल्या त्याच्या घरी झाली. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. आजारी माणसाशी भांडू नये वगैरे मला शिकवलेलं आहे, तरी मी गेले त्याच कामासाठी. त्याच्याजवळ बसून विचारलं, "मन्नूभैया, तुम्ही प्रश्न बदलला होता ना?" त्यानं मान डोलवली. माझ्या छातीत केवढी तरी मोठी आशा उभी राहिली... वाटलं, पल्लवीला आत्ताच बोलावून घ्यावं. तेवढ्यात त्याची बायको सुलभा येऊन म्हणाली, "भात देऊ का?" त्यानं तश्शीच मान डोलवली. खिडकी लावू का, पंखा बंद करू का, सगळ्याला तीच मान. रिकाम्या खुर्चीपुढे डोलायची तीच. मी उठले आणि घरी आले.

तेरवी झाल्यावर सुलभानं सदर बाजारची खोली रिकामी करायला काढली. मला बोलावणं आलं. पल्लवी आता नवा रायपूरला नोकरीत आहे, तीच गाडीनं घेऊन गेली. सुलभा खाली चहा सांगायला गेली. मी सवयीनं पाहुण्याच्या खुर्चीत बसले. पंखा जवळ म्हणून पल्लवी मन्नूभैयाच्या खुर्चीत बसली. दुपार होती, ऊन सरळ माझ्या डोळ्यांवर येत होतं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आई, बाबा गए थे, तब तू रोई थी क्या?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी तोंडावर विचारलंच नव्हतं.

"रडली ना," मी म्हटलं. "सेटवरच रडली. तेव्हा तू घरीच होती, तुह्यासमोर रडली असती तर तुले कोणी सांभाळलं असतं? तिथे रडायचाच सीन होता, मले कोणी काही विचारणार नव्हतं. म्हणून तर गेली होती. त्या पिक्चरमध्ये ग्लिसरीनची बाटली उघडलीच नाही मी. डायरेक्टर म्हणे, दीदी, क्या एक्टिंग की है."

पल्लवीनं मान डोलवली नाही. उठून आली आणि उन्हात माझ्यासमोर खाली बसली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मला तेव्हा मन्नूभैयाचा सर्वांत जास्त राग आला. त्यानं खुर्चीला विचारलेला प्रश्न बरोबरच होता हो. मला विचारला असता तर मी त्यालाही हेच सांगितलं असतं, आणि माझ्या लेकीनं ते तेव्हाच ऐकलं असतं.

सुलभा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आठवण म्हणून एक खुर्ची न्या ना, वहिनी. कोणती पाहिजे?" मी नको म्हणणार होते. पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "दोनों." आता त्या माझ्या व्हरांड्यात आहेत. वेत उसवलाय, बसलं की कुरकुरतात. रविवारी पल्लवी येते, मन्नूभैयाच्या खुर्चीत बसते आणि बाबांबद्दल एकेक विचारत राहते, हिंदीत. मन्नूभैयाला मी माफ केलेलं नाही, कुणी तसं समजू नये. पण समोरची खुर्ची आता रिकामी नसते.