शिवडीच्या खाडीनं पळवलेले बाबा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून बाबा आठ दिवसांसाठी मुंबईला धाकट्या भावाकडे गेले आणि तिकडचेच होऊन बसले. भाऊ शिवडीच्या खाडीजवळ क्वार्टर्समध्ये राहतो. फोन केला की म्हणायचा, "ताई, बाबा मजेत आहेत. पक्षी बघतात." पक्षी! मुंबईत! म्हटलं, कबुतरं हाकलत बसले असतील बिचारे. इकडे भिसेगावच्या घरात आम्ही दोघंच असायचो. ते गेले आणि घर मला खायला उठलं.

शेवटी मीच त्यांना आणायला निघाले. रिकाम्या हातानं नाही हं. कोंडाण्याकडून येणाऱ्या भाजीवालीकडून पहिल्या पावसातली रानभाजी, शेवळं घेतली, ती घशाला खाजतात म्हणून सोबत काकडाची आंबट फळंही घेतली. बाबांचा शेवळांवर भारी जीव. एक घास पोटात गेला की स्वतःच म्हणतील, चल गं घरी. असा माझा डाव.

शिवडीला भावानं दार उघडलं तर बाबा जमिनीवर ऐसपैस बसून टाकळ्याची भाजी निवडत होते.

"हा कुठनं आणला?"

"खाली कंपाउंडला उगवलाय गं. हितं कोन खातंय? सगळा आपलाच हाय."

झालं कल्याण! माझी शेवळं पिशवीतच राहिली.

मग भावानं गॅलरीत उभं करून मला खाडी दाखवली, जणू ती त्यानंच खणलीय. ही तिवरं, तो खंड्या, त्या पिंपळावर वटवाघळं.

"आणि तुझे ते फ्लेमिंगो?"

"ते आत्ताच गेले. हिवाळ्यात ये."

वा रे वा! मी आले की पाहुणे नेमके गावाला. मागे तेलाच्या टाक्या, पुढे चिखल, चिखलात प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यात एक बगळा सोसायटीच्या चेअरमनसारखा उभा. वास असा की नाकाला पदर लावला. बाबांना त्याचं काय? रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म गेला त्यांचा. ते आपले नव्या डोळ्यांनी बगळ्याकडे टक लावून बसले.

जेवणं झाल्यावर मी विषय काढलाच. "सकाळी निघायचं ना, बाबा? आपल्याकडं झाडं काय कमी हायत?"

"कुठली गं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सांग ना."

मी मनातल्या मनात मोजायला लागले. घरासमोरचा आंबा बंगल्यांची स्कीम आली तेव्हा गेला. स्कीमच्या कमानीवर त्याचं चित्र आहे, चांगलं रंगीत. ओढ्याकाठची जांभळं रस्त्यात गेली. राहिली ती शेजारणीची कढीपत्त्याची कुंडी.

"मग माझ्याजवळ बसा की!" माझा आवाज चढला. खरं तर मला रडू येत होतं.

"तू ड्युटीला जातीस गं. दिवसभर मी कुनाकडं बघू? पेव्हर ब्लॉककडं?"

सकाळी मी एकटीच परत आले.

आता दर रविवारी शिवडीला जाते. भिसेगावात कुणी विचारलं, "काय, पक्षी बघायला चाललीस वाटतं?" की हो म्हणते. बापाला बघायला चाललेय, हे सांगायची लाज वाटते.