सांगलीचा गोलकीपर

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये रविवारी दुपारी चिकन असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या खोटेपणाचं मूळ तिथं आहे. सगळंच मूळ तिथं आहे असं म्हणणं खरं ठरणार नाही, पण सुरुवात करायला बरं पडतं.

आमचं गाव माण तालुक्यात. दिवाळी झाली की आमची मेंढरं खाली उतरतात आणि पावसाळ्यापर्यंत मिरजेच्या बाजूला, ऊस तुटून गेलेल्या रानांत तळ टाकून बसतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना पाला. मी सांगलीत कॉलेजला आलो तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरं वाटलं. पोरगं जवळच आहे, रविवारी तळावर येईल, मेंढरांमागं थोडं चालेल, असं त्यांनी धरलं होतं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. तिथं रविवारी काय चालतं हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगितलं. म्हटलं, रविवारी फुटबॉलची प्रॅक्टिस असते, मला टीममध्ये घेतलंय, गोलकीपर म्हणून.

गोलकीपरला पळावं लागत नाही एवढं मी ऐकून होतो. शिवाय तळ ज्या रस्त्याकडेला पडायचा, त्याच रस्त्यानं माझ्या वर्गातली मुलं गाड्यांवरून जायची. हे दुसरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबांनी एका शब्दानं शंका काढली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मिरजेहून फुटबॉलचे बूट आणून दिले, तळाला रबरी गुंड्या असलेले. चुलत्याला सांगितलं, चुलतीला सांगितलं, फोनवरून गावात सांगितलं. गावच्या पोरांनी तर जत्रेत मॅच ठरवली, आणि गोलकीपर कोण हा प्रश्नच उरला नाही. जत्रेला महिना राहिला होता. तोवर आबांना खरं सांगायचं, नाहीतर सगळ्या गावासमोर गोलात उभं राहायचं. मी रोज सकाळी ठरवायचो की आज फोन करू, आणि रोज रात्री उद्यावर ढकलायचो.

अशाच एका रविवारी जेवून मी पंख्याखाली आडवा झालो होतो. डोळे उघडले तर दारात आबा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात मेंढरांच्या जंताच्या औषधाची पिशवी. औषध घ्यायला सांगलीत आले होते, म्हणाले, आलोच आहे तर तुझा खेळ बघून जावा.

माझ्या तोंडून निघालं, की आज प्रॅक्टिस नाही, सगळे कोल्हापूरला फायनल बघायला गेलेत. फायनल होती हे खरं होतं, माझा रूममेट सकाळपासून तेच बोलत होता. आबांनी खाटेखाली वाकून माझे बूट बाहेर काढले. एक उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला, एकेक गुंडी दाबून पाहिली आणि परत जागेवर ठेवला.

"मग तू का झोपलाईस? चल की कोल्हापूरला."

"आत्ता?"

"मेंढरं तुझा चुलता बघतोय. आज मी मोकळा हाय."

आबा मोकळे आहेत असं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. वीस मिनिटांनी आम्ही एसटीत होतो. औषधाची पिशवी मांडीवर घेऊन आबा खिडकीशी बसले आणि कोल्हापूर येईपर्यंत मजेत बाहेर बघत राहिले. मी मोबाईलवर फुटबॉलचे नियम वाचायचा प्रयत्न केला. हातकणंगल्याच्या पुढं रेंज गेली.

कोल्हापूरचं फुटबॉल म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला सांगायला लागत नाही आणि इकडच्याला सांगून कळत नाही. पेठापेठांचे संघ, ढोल, झेंडे, आणि संघांतले काही खेळाडू बाहेरून, अगदी परदेशातून पैसे देऊन आणलेले. आम्हाला पायऱ्यांवर जागा मिळाली. शेजारी गळ्यात निळा रुमाल घातलेले एक काका होते, निळ्या संघाच्या पेठेतले.

खेळ सुरू झाला आणि आबांचे प्रश्नही. हात लावायचा नसतो ना? नसतो. मग त्यानं रेषेवरनं दोन्ही हातांनी चेंडू टाकला, तो कसा? मी म्हणालो, तो सीनियर आहे. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं एकाला पंचानं झेंडा दाखवून थांबवलं. आबांनी विचारलं, ह्यानं काय केलं? मी म्हणालो, लय पुढं गेला. हे चुकून बरोबर निघालं. आबांना ते लगेच पटलं. कळप सोडून म्होरं पळणाऱ्या मेंढराला असंच थांबवायला लागतं, म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला विचारायचं जवळजवळ सोडून दिलं. पुढं वाकून ते नुसते मैदानाकडे बघत राहिले, तळावर संध्याकाळी बघतात तसे. मग म्हणाले, "ते सात नंबरचं कडंकडंनं चरतंय. कुणाचं ध्यान न्हाई तिकडं. ते घुसणार." पाच मिनिटांत निळ्यांच्या सात नंबरनं गोल केला. काकांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. त्यानंतर ते आबांनाच विचारायला लागले, पाव्हणं, आता कुठनं धोका हाय?

"तुम्हाला एवढं कळतंय कसं?" काकांनी विचारलं.

"मला न्हाई वं. ह्या पोराला कळतंय. कॉलेजच्या टीममधी गोलकीपर हाय, सांगलीला."

काकांनी मला खालून वर न्याहाळलं. दोन शेंगदाणे चावले.

"मग सांगली का हरती ते कळलं."

आबा इतके हसले की पटका सारखा करावा लागला. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

मग ते झालं. दुसऱ्या संघाचा एक उंच खेळाडू चेंडू घेऊन एकटाच गोलकडं सुटला. समोर फक्त गोलकीपर. आबा उभे राहिले, दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. पिकात घुसणाऱ्या मेंढराला वळवायला मारतात ती. माळावर ती अर्ध्या कोसावर जाते. मैदानात ती सगळ्यांना ऐकू गेली. उंच खेळाडू थांबला, मागं वळून पंचाकडं बघायला लागला. पंच आपल्या हातातल्या शिट्टीकडं बघायला लागला. तोवर निळ्यांच्या एकानं निवांत येऊन चेंडू लांब मारून दिला.

समोरच्या बाजूनं एकच गिल्ला झाला. काका आनंदानं कुजबुजले, "आवं पाव्हणं, दम घेऊन परत मारा की." आबा मात्र खाली बसले होते आणि घोंगडं डोक्यावरून घेतलं होतं. थंडी वाजत असल्यासारखं. एप्रिलमध्ये.

एक पोलीस पायऱ्या चढून आमच्याच दिशेनं आला. शिट्टी कुणी मारली, त्यानं विचारलं. आबांना बाहेर काढतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी उठलो आणि म्हणालो, मी.

पोलिसानं कंबरेवर हात ठेवले. "मार बघू परत."

मी दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा आली. परत घातली. हवा आणि थोडी थुंकी. आजूबाजूची माणसं हसायला लागली. मेंढपाळाच्या पोराला शिट्टी येत नाही हे आख्ख्या कोल्हापूरला कळलं. घोंगड्यातून आबांचा आवाज आला, "साहेब, त्याला न्हाई येत. मीच मारली. मेंढरू पिकात चाललंय असं वाटलं."

पोलिसाला हसू आवरेना. परत मारू नका, एवढं बोलून तो खाली गेला. निळे एका गोलनं जिंकले. काकांनी जाताना आबांचा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या एसटीत मला बोलल्याशिवाय राहवेना. शिट्टीची हवा गेली होती, आता गोलकीपरची ठेवून काय करायची होती?

"आबा, मी न्हाई खेळत. कुठल्याच टीममधी न्हाई."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"दुपारपासनं. बूट बघितलं न्हाई का?" त्यांनी अंगठा हवेत फिरवला. "जनावर किती चाललंय ते खुरावर दिसतंय. तुझं खूर आजून बाजारातच हाय."

म्हणजे दुपारपासून त्यांना माहीत होतं. कोल्हापूरपर्यंत, शेंगदाण्यांपर्यंत, गोलकीपर हाय सांगण्यापर्यंत. मी विचारलं, मग नेलंत कशाला? म्हणाले, किती पुढं जातोस ते बघत होतो. आणि मला बी खेळ बघायचा होता.

रस्त्यानं जाणाऱ्या वर्गातल्या मुलांचं मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. तळावर येत जा, एवढंच म्हणाले.

जत्रेचं काय, हे मी विचारलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि हातकणंगल्यापर्यंत विचार केला. मग गंभीरपणे सांगितलं की कोल्हापुरात गर्दीत माझा पाय मुरगळला आहे, जोरात. आता दोन महिने खेळ बंद.

पुढच्या रविवारी चिकन सोडून मी तळावर गेलो, लंगडत. चुलतीनं तेल गरम करून पाय चोळला, वरून हळद बांधली. दुखऱ्या पायानं मेंढरांमागं जाता येणार नाही म्हणून मला रस्त्याच्या कडेला कोकरं राखायला बसवलं. वर्गातली दोन मुलं गाडीवरून गेली. त्यांनी हात केला, मीही केला.

संध्याकाळी कोकरं आत घेताना आबा जवळ आले आणि चुलतीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "सकाळी डावा हुता न्हवं?"

मी खाली पाहिलं. मी उजव्या पायानं लंगडत होतो.