सुमनच्या घरचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता तीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — ओळखीच्या माणसाकडे पाहून हे माझ्या तोंडून निघत नाही.

माझी धाकटी बहीण सुमन अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात दिलेली आहे. तिथलं बोअरचं पाणी खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण तुम्ही पाहुणे म्हणून जा — हातात गोड पाणीच मिळेल. दुसऱ्या गावाहून सायकलवर आणलेलं ते पाणी वेगळ्या घागरीत झाकून ठेवतात, फक्त पाहुण्यांसाठी. घरचे खारंच पितात. मी गेलो की सुमन ती घागर माझ्यासाठीच रिती करायची. नको म्हटलं की रुसायची!

आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्यावर मी देशभर होणाऱ्या आरोग्य पाहणीत पर्यवेक्षकाचं काम धरलं. पाहणीच्या मुली घरोघरी जाऊन विचारायच्या — आजार कोणते, स्वयंपाक कशावर, पिण्याचं पाणी कुठलं. त्यांचं काम तपासून पुढे पाठवणं माझ्याकडे. एकदा सुमनचंच गाव आलं. मुली पुण्याच्या. प्रत्येक घरी त्यांना गोड पाणी मिळालं, दारात नळही दिसला. तो बहुतेक वेळा कोरडाच असतो, हे त्यांना कुठून कळणार? बायांनी ‘नळाचं’ सांगितलं, त्यांनी तसंच लिहिलं.

मला मात्र ठाऊक होतं. त्यात, मी तिच्या घरी गेलो तेव्हा सुमननं मला चुलीपाशी बोलावून घेतलं. “भाऊ, खारं लिवू देऊ नको बरं. माह्या रवीले मंग पोरगी कोन देईन? अन् सरकारले सांगून पानी गोड होनार हाये का?” आणि स्वतःच हसली.

खरं तर घराचं नाव कुठेच छापलं जात नाही. हे तिला समजावणं किती सोपं होतं! का नाही सांगितलं मी? भाच्याच्या लग्नासाठी गप्प राहिलो — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे.

खरं हे — तिला त्या गावात मीच दिलं. वडील नव्हते. आम्ही अमरावतीचे, गोड पाण्यावर वाढलेले. तिथलं पाणी खारं आहे हे सोयरीक जुळवतानाच मला कळलं होतं. त्यांची काळी जमीन पाहून मी ते तिच्यापासून लपवलं. ‘खारं’ हा शब्द माझ्या सहीनं पुढे गेला असता तर काय झालं असतं? काहीच नाही. फक्त मला तो वाचावा लागला असता. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. अख्खं गाव मी ‘नळाचं’ म्हणून पाठवून दिलं.

माझी नात रेवा त्याच पाहणीच्या आकड्यांवरून पाणी आणि किडनीचे आजार यांचा अभ्यास करते. गुणी पोर आहे. मध्यंतरी म्हणाली, “आबाजी, नळाचं पाणी पिणारी घरंही आजारी दिसून राहिली. मग पाण्यावर बोट कसं ठेवू?” आकड्यांत गावांची नावं नसतात. पण जिल्हा आणि साल पाहून त्यातली काही घरं कुठली, हे मी ओळखलं. आणि म्हणालो काय? “आकडे आहेत बेटा, मानावेच लागतात.”

रेवा, ती घरं खारं पाणी पीत होती.

सुमनच्या किडन्या गेल्यात. पाण्यानंच गेल्या का, मला सांगता येणार नाही. तेच तर शोधायचं होतं. अकोल्याला तिचं डायलिसिस असतं तेव्हा मी शेजारी बसतो. नर्सबाई आल्या की ती माझ्याकडे बोट दाखवते — “हा माहा भाऊ. यानंच मले पाहूनशान चांगल्या घरी देलं.”

आणि मी मान डोलावतो.